ओम्नीचा क्लच घरी बदलताना

(क्लच किट विकत घेण्याआधी वाचावे)

मारुती ओम्नीचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं. तरी शाळेची मुलं, भाजी, दूध, मंडपाचं सामान वाहणाऱ्या ओम्नी अजून भरपूर आहेत आणि त्यांचे मालक आमच्या काउंटरवर क्लच मागायला येतात. बरेच जण हे काम घरीच करतात, आणि ओम्नीत ते जमण्यासारखं आहे. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, त्यामागे गिअरबॉक्स, तिथून प्रोपेलर शाफ्ट मागच्या चाकांकडे. मारुती 800 मध्ये इंजिन आडवं असल्याने गिअरबॉक्स काढण्याआधी दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट सोडवावे लागतात. इथे ती कटकट नाही.

आधी खात्री करा, दोष क्लचचाच आहे का?

किट विकणं हा आमचा धंदा आहे, तरीही सांगतो: पहिल्यांदा पेडलपासून क्लचकडे जाणारी केबल बघा. पेडल हाताने दाबल्यावर सुरुवातीला साधारण बोटाच्या रुंदीइतकी मोकळी चाल हवी. ती अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) सतत दाबलेलं राहतं आणि चांगली क्लच प्लेटही घसरते. चाल फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना करकर होते. दोन्ही वेळा गिअरबॉक्सकडच्या टोकाला केबलचा नट फिरवून काम होऊ शकतं. केबलच्या तारा पिंजल्या असतील तर आधी केबल बदला.

केबल ठीक असूनही घाटात टॉप गिअरला इंजिन गरगरतं पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो, तर प्लेट संपली. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होते, तर संशय रिलीज बेअरिंगवर. उलट, गाडी न्यूट्रलमध्ये असताना पेडल सोडलं की आवाज येतो आणि दाबलं की थांबतो, असं असेल तर बहुधा गिअरबॉक्समधलं बेअरिंग गेलं आहे. नवीन क्लच किटने तो आवाज जाणार नाही.

फक्त प्लेट नको

"प्लेट तेवढी द्या" हे वाक्य रोज ऐकतो. सुटी प्लेट आम्ही देतोही, पण मनाविरुद्ध. या कामात मेहनत आणि वेळ जातो तो गिअरबॉक्स उतरवण्यात. तो एकदा खाली आला की प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी), क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या) मध्यभागी गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या टोकाला आधार देणारं छोटं बेअरिंग असतं, ते बोटाने फिरवून पाहा. खरखरलं तर तेही बदला. क्रँकची मागची ऑईल सील आणि गिअरबॉक्सची पुढची सील ओलसर दिसली तर नवीन टाका. ऑईल गळतच राहिलं तर नवी प्लेटही लवकरच घसरू लागेल. फ्लायव्हीलवर निळे डाग, बारीक तडे किंवा नखाला लागणारे चरे असतील तर आधी लेथवाल्याला दाखवा.

गाडीखाली जाण्याआधी

पक्की, सपाट जमीन हवी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. चार भक्कम घोड्या (जॅक स्टँड) लावा आणि गाडी हलवून पाहूनच आत शिरा. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक आधाराला चालत नाहीत, वजनाखाली ते अचानक फुटतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी गॅसवर असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. सोबत एक माणूस हवाच.

काम कसं चालतं

गिअर ऑईल काढून प्रोपेलर शाफ्ट सोडवा. त्याच्या फ्लँजवर आधी खूण करा म्हणजे परत त्याच जागी बसेल. मग क्लच केबल, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, गिअर लिव्हरची जोडणी, स्टार्टर. गिअरबॉक्स काढल्यावर इंजिनाचा मागचा आधार जातो, म्हणून चेंबरखाली (इंजिनाच्या ऑईलच्या तळाशी) लाकडी फळी ठेवून जॅकचा टेका द्या. दुसऱ्या जॅकवर गिअरबॉक्स पेलून सरळ मागे ओढा. काढताना काय किंवा बसवताना काय, त्याचा भार शाफ्टवरून प्लेटवर लोंबकळू देऊ नका, प्लेट वाकते.

आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका. जुन्या प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या.

नवी प्लेट बसवण्याआधी शाफ्टच्या खाचांवर सरकवून पाहा. सहज सरकली पाहिजे. इथेच बऱ्याच चुका सापडतात, आणि एकदा बसवलेलं किट आम्ही परत घेत नाही. प्लेटची स्प्रिंगची फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे ठेवायची. प्रेशर प्लेटवर गंजू नये म्हणून तेलाचा हात असतो, तो क्लीनरने पूर्ण काढा. खाचांवर ग्रीस अगदी बोटाला लागेल इतकंच. रिलीज बेअरिंग पेट्रोलमध्ये धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं.

प्लेट मध्यावर आणण्यासाठी सेंटरिंगची दांडी लागते. दुकानात ठेवली आहे, अनामत भरून न्या. ती आत असतानाच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा आणि शेवटी मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आणा. एका बाजूचे पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलात तर प्लेटचं कव्हर वाकतं. गिअरबॉक्स शेवटचं इंचभर जात नसेल तर बोल्टने ओढून घेऊ नका. टॉप गिअर टाकून मागचं टोक हाताने किंचित फिरवा, खाचा जुळल्या की आपणच आत जातो. तरीही अडला तर प्लेट मध्यावर नाही, परत काढा.

गिअर ऑईल मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच भरा. मागच्या डिफरन्शियलचं जीएल-5 दर्जाचं ऑईल हाताशी आहे म्हणून तेच ओतू नका, गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही. शेवटी केबलची चाल नव्याने लावा. पहिले काही दिवस भरलेली गाडी घाटात घेऊ नका आणि पेडलवर पाय टेकवून चालवू नका.

दांडी परत आणताना जुनी प्लेटही घेऊन या. रिव्हेट वर आले असतील तर ती आपलं आयुष्य जगून झिजली. काळी, तेलकट असेल तर कुठली तरी सील गळते आहे. जाडी भरपूर शिल्लक असून करपली असेल, तर गाडी कोण कशी चालवतं ते आम्ही विचारू. राग मानू नका.