भोंगऱ्या बाजार

भोंगऱ्या बाजार म्हणजे सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात होळीच्या आधीच्या सात दिवसांत भरणारे आठवडे बाजार. त्यासाठी वेगळं मैदान नसतं की वेगळी तारीख नसते, ज्या गावचा बाजार ज्या वारी असतो त्याच वारी तो भरतो, फक्त त्या आठवड्यात त्याला भोंगऱ्या म्हणतात आणि एरवी मीठ-मिरची घेऊन दुपारी रिकामी होणारी जागा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ढोलांनी भरलेली असते. खानदेशात नंदुरबार जिल्ह्यातलं धडगाव आणि शहाद्याचा डोंगराकडचा भाग, धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातलं बोराडी, जळगाव जिल्ह्यात चोपड्याच्या वरच्या अंगाचं वैजापूर ही यातली माहितीतली नावं. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात खेतिया, पानसेमल, सेंधवा, बडवानी आणि पुढे आलिराजपूर-झाबुआपर्यंत हीच प्रथा आहे, तिकडे तिला भगोरिया म्हणतात आणि वालपूरचा बाजार सगळ्यात जास्त गाजलेला. खानदेशात तो मुख्यतः पावरा समाजाचा मानला जातो, भिल्ल आणि इतर समाजही त्यात असतातच.

तारखेचं गणित साधं आहे पण बाहेरून येणाऱ्याची फसगत होते. २०२५ मध्ये होळी १३ मार्चला, गुरुवारी होती, म्हणजे त्याच्या आधीच्या आठवड्यातला प्रत्येक गावचा बाजार हा त्या गावचा भोंगऱ्या. २०२४ ला होळी २४ मार्चला, रविवारी आली. होळीचा वार बदलला की बाजारांचा क्रमही फिरतो, त्यामुळे एका वर्षी जो पहिला असतो तो पुढच्या वर्षी मधला किंवा शेवटचा होऊ शकतो, आणि शेवटच्या भोंगऱ्याला गर्दी जरा जास्तच असते कारण लोकांची खरेदी नेहमीप्रमाणे शेवटच्या दिवसावर राहिलेली असते. काही भागात आधीच्या आठवड्याच्या बाजाराला गुलाल्या बाजार म्हणतात, झाबुआकडे त्याला त्योहारिया हाट म्हणतात.

उगमाबद्दल मात्र बरेच मतभेद आहेत आणि ते नीट वेगळे केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण वर्तमानपत्रात आणि टूरिझमच्या माहितीत हे सगळं एकत्र कालवलेलं असतं. सगळ्यात जास्त सांगितली जाणारी कथा राजा भोजाच्या काळातली. धारचा परमार राजा भोज, राज्यकाळ साधारण १०१० ते १०५५, त्याच्या वेळी कासुमरा आणि बालून नावाच्या दोन भिल्ल सरदारांनी आपल्या भगोर या राजधानीत मोठा हाट सुरू केला, मग आजूबाजूच्या सरदारांनीही तसेच हाट भरवले आणि भगोरच्या नावावरून भगोरिया झालं, असं म्हणतात. भगोर गाव झाबुआजवळ आजही आहे. कथा तोंडी परंपरेतली आहे आणि झाबुआपुरती ती पटण्यासारखी वाटते, पण खानदेशाला ती तशीच लावताना अडचण येते. पावरा समाजातली जुनी सांगी अशी की आपले पूर्वज पावागडहून निघाले, नर्मदेच्या खोऱ्यातून बडवानी-मथवाड भागात आले आणि तिथून अक्राणीच्या, म्हणजे धडगावकडच्या डोंगरात उतरले, काही जण हे स्थलांतर गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने १४८४ मध्ये पावागडच्या पायथ्याचं चांपानेर घेतलं त्याच्याशी जोडतात. ही सांगी थोडीफार जरी खरी धरली तरी अकराव्या शतकातला भगोरचा हाट हा त्यांच्या प्रथेचा थेट पूर्वज ठरत नाही. फार तर असं म्हणता येईल की मधल्या मुक्कामात, म्हणजे निमाड-माळव्याच्या सीमेवर, ही चाल त्यांनी उचलली असावी.

दुसरी व्युत्पत्ती भव-गौरीवरून, म्हणजे शिव-पार्वतीवरून सांगतात. ती मागाहून जुळवलेली वाटते, फार विचारात घेण्यासारखी नाही.

तिसरी सगळ्यात प्रसिद्ध आणि सगळ्यात वादग्रस्त: भागणे म्हणजे पळून जाणे, त्यावरून भगोरिया, म्हणजे मुलाने मुलीच्या गालाला गुलाल लावायचा किंवा पान द्यायचं, तिने उलट गुलाल लावला किंवा पान खाल्लं की होकार, मग दोघांनी बाजारातूनच पळायचं. टीव्हीवाल्यांनी दरवर्षी हेच दाखवून दाखवून याला आदिवासींचा व्हॅलेंटाइन वगैरे करून टाकलंय. आदिवासी समाजातल्या लिहित्या-बोलत्या लोकांचा आणि संघटनांचा याला ठाम विरोध आहे, त्यांचं म्हणणं की हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे, लग्न जमवण्याचा नाही. पळून जाऊन लग्न करणं आणि नंतर पंचांसमोर बसून देज, म्हणजे मुलीकडच्यांना द्यायची रक्कम ठरवून ते मान्य करून घेणं ही रीत भिल्ल-पावरा समाजात आहे, ती कोणी नाकारत नाही, पण ती वर्षभरात कधीही होणारी गोष्ट आहे आणि लग्नसराई तशीही होळी झाल्यावर सुरू होते. चार पाड्यांची तरुण मंडळी एका जागी आली की ओळखी होणार, नजरानजर होणार, हे सारंगखेड्याच्या दत्त यात्रेतही होतं, त्यावरून कोणी त्या यात्रेला विवाह मेळावा म्हणत नाही. शिवाय पळण्यावरून केलेली व्युत्पत्ती हिंदी रूपालाच बसते, सातपुड्यातलं भोंगऱ्या हे रूप तिच्यात ओढूनताणूनच बसवावं लागतं. एकंदरीत बाजार आधी आणि बाकीचे अर्थ नंतर चिकटलेले, हे मत जास्त सयुक्तिक दिसतं.

काळाबद्दल बोलायचं तर डोंगरात नियमित आठवडे बाजार भरायला व्यापारी वर येऊ शकेल अशी वाट आणि शांतता लागते. १८२५ मध्ये इंग्रजांनी खानदेशात भिल्ल एजन्सी स्थापली आणि जेम्स आउटरामने भिल्ल पलटण उभी केली, त्याआधीची कित्येक वर्षं हा मुलूख धामधुमीचाच होता. त्यामुळे आजच्या रूपातला भोंगऱ्या, म्हणजे सपाटीवरचा दुकानदार आणि डोंगरातला गिऱ्हाईक असा, एकोणिसाव्या शतकाच्या फार मागे नेणं अवघड वाटतं, मूळ ऋतूचा उत्सव त्याहून पुष्कळ जुना असू शकेल. इथे अजून एक घोळ नेहमी होतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीची परंपरा इ. स. १२४६ पासूनची सांगितली जाते आणि लोक ते साल उचलून भोंगऱ्यालाही लावतात. काठी हे मेहवासी, म्हणजे डोंगरातल्या छोट्या सरदारांपैकी एकाचं संस्थान, तिथली होळी वेगळी, तिचा मान वेगळा, आणि ते सालही परंपरेने चालत आलेलं आहे एवढंच म्हणता येतं.

बाजारात काय मिळतं ते सगळ्यांना माहीतच आहे. दाळ्या, गूळ, खजूर, नारळ, साखरेचे हार-कडे हे होळीच्या पूजेला आणि पाहुण्यांना लागतं म्हणून त्याचे ढीग असतात, भजी-जिलेबी-शेवेची दुकानं, पाळणे, कपडे, काजळ-आरसे. चांदीचे दागिने विकणारे शहादा-शिरपूरकडून येतात, आता त्यात पांढऱ्या धातूचा स्वस्त मालही भरपूर असतो. होळीला नवस फेडणारे बावा, बुध्या, काली, मोरखी, धानका डोका अशी सोंगं घेतात, त्यांना लागणारे घुंगरू, मोरपिसं, कमरेला बांधायचे वाळलेले दुध्या भोपळे यांची जमवाजमवही याच दिवसांत चालते. हे लोक पाळणी पाळतात म्हणजे खाटेवर बसायचं नाही, चप्पल घालायची नाही, जमिनीवर झोपायचं आणि ब्रह्मचर्य ठेवायचं, त्यामुळे ऐन भोंगऱ्यात नाचणाऱ्यांच्या गर्दीत एखादा अनवाणी, गंभीर चेहऱ्याचा माणूस भोपळा हातात घेऊन वाजवून बघताना दिसला तर तो या तयारीला आलेला समजायचा.

खरा जीव ढोलात. प्रत्येक पाड्याचा आपला ढोल असतो, लाकूड आतून कोरून दोन्ही तोंडांना कातडं ताणलेला, एका बाजूला काठी आणि दुसऱ्या बाजूला हाताचा पंजा, मोठा ढोल असला तर गळ्यात अडकवून उभं राहणंसुद्धा कसलेल्या माणसाचं काम. बाजाराच्या तोंडाशी पोचल्यावर लगेच वाजवत नाहीत. सकाळच्या गारव्याने कातडं ढिलं पडलेलं असतं, मग पाचोळा-काटक्या गोळा करून जाळ करतात आणि ढोल आडवा धरून हळूहळू फिरवत शेकतात, मधेच एक जण बोटाने टिचकी मारून बघतो, आवाज अजून बसका आला की पुन्हा शेकतात, जास्त शेकलं तर कातडं तडकायची भीती असते म्हणून हे काम पोरांच्या हातात देत नाहीत. आवाज खणखणीत आला की मग पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) किंवा बासरी, मांदल (मृदंगासारखं वाद्य), काशाची थाळी आणि मध्ये ढोल असा घोळका आत शिरतो. एकाच पाड्यातल्या मैत्रिणी एकाच रंगाचे कपडे घालून हातात हात गुंफून नाचतात, गर्दीत कोण कुठल्या पाड्याचं ते त्यावरूनही कळतं. दोन पाड्यांचे ढोल समोरासमोर आले की कोणीच थांबत नाही, ठरवून लावलेली स्पर्धा नसली तरी ती स्पर्धाच असते. अलीकडे काही ठिकाणी पुढारी मंडळी स्टेज टाकून ढोलांना बक्षिसं देतात, त्याने ढोल जास्त यायला लागले हे खरं, पण घोळके फिरायचं सोडून स्टेजसमोर रांगेत उभे राहायला लागले.

या बाजाराला एवढी माणसं का येतात याचं उत्तर निम्मं स्थलांतरात आहे. दिवाळीनंतर नंदुरबार-धडगावकडची कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात, सुरत-नवसारीकडे, काही सौराष्ट्रापर्यंत. होळीला मात्र परत यायचंच, मुकादमाकडे थोडे दिवस मागून का होईना. चार महिन्यांत न भेटलेले भाऊबंद, दुसऱ्या तालुक्यात दिलेली बहीण, मामाच्या गावची मंडळी अशी सगळी भेट भोंगऱ्यात होते कारण डोंगरात प्रत्येकाच्या घरी जाऊन येणं म्हणजे दिवसाचं चालणं. बाजार ही एकच जागा जिथे सगळे येणारच. कोणाकडे कोणाचं उसनं आहे, कुठली जमीन कोणी कसायची, कोणाच्या पोराला कोणाची पोरगी बघायची हे बोलणंही चहाच्या टपरीवर होतं, लग्न बाजारातून होत नसलं तरी लग्नाची बोलणी सुरू व्हायला बाजार पुरतो.

सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली अक्राणी आणि अक्कलकुव्याची ३३ गावं आली, त्यातल्या बऱ्याच लोकांचं पुनर्वसन तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर झालं, तेव्हा त्यांचा जवळचा बाजारच बदलला. काही जण अजून गाडी करून वर जातात, काहींनी वसाहतीजवळच्या बाजारालाच भोंगऱ्या मानलंय. २०२१ ला कोरोनाच्या निर्बंधांमुळे बऱ्याच ठिकाणी बाजार भरला नाही, पुढच्या वर्षांत पुन्हा सुरू झाला. आता पिकअप आणि क्रूझरच्या टपावर बसून पाडे येतात, डीजेही आलाय, त्याच्या आवाजापुढे पावरी ऐकू येत नाही अशी तक्रार जुने वाजवणारे करतात आणि रीलसाठी न विचारता पोरींच्या तोंडासमोर मोबाइल धरणाऱ्या बाहेरच्यांना पाड्यातली पोरं आता स्पष्ट सांगतात, की दादा, आधी विचार.