मुक्तस्रोत समुदायांतील नवागत साहाय्य

मुक्तस्रोत (म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता व वाटता येतो असे) सॉफ्टवेअर नव्याने वापरू लागलेल्या व्यक्तीला अडचणीच्या वेळी कोठे, कोणाला आणि कसे विचारावे हे दाखवून देण्याची समुदायांतील प्रथा. अशा सॉफ्टवेअरला बहुधा विक्रेता नसतो, त्यामुळे ग्राहक सेवा केंद्रही नसते. जीपीएलसारख्या परवान्यांत तर ते कोणत्याही हमीविना, आहे त्या स्थितीत दिले जात असल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. रेड हॅटसारख्या कंपन्या सशुल्क साहाय्य देतात, परंतु त्यांचे ग्राहक प्रामुख्याने संस्था असतात. एकट्यादुकट्या वापरकर्त्याची भिस्त स्वयंसेवकांवरच असते.

ही परस्परसाहाय्याची रीत जुनी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू या मुक्त संगणकप्रणाली घडवण्याच्या प्रकल्पाची आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आपल्या नव्या कर्नलची (संगणकप्रणालीच्या गाभ्याची, म्हणजेच लिनक्सची) घोषणा केली ती युजनेट या जुन्या संगणकजाळ्यावरील चर्चागटांत, आणि शंकासमाधानही तेथेच होत असे. मेलिंग लिस्ट (सर्व सभासदांना एकदम ईमेल पोचवणारी यादी), यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये तयार केलेली आयआरसी ही संवादयंत्रणा, २००८ पासूनचे स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ अशी ठिकाणे यथावकाश वाढत गेली. मात्र नवे आले म्हणून जुने सहसा बंद झाले नाही. परिणामी नवागताची पहिली अडचण तांत्रिक नसतेच, ती पत्त्याची असते.

पत्ता चुकण्याचे आणखी एक कारण सॉफ्टवेअरच्या रचनेत आहे. डेबियनसारख्या वितरणातून (लिनक्स आणि इतर प्रोग्रॅम एकत्र करून देणाऱ्या संचातून) बसवलेला एखादा प्रोग्रॅम मूळ विकासकांनी लिहिलेला असतो, पण त्याचे पॅकेज (बसवण्यासाठी तयार केलेला गठ्ठा) वितरणातील दुसऱ्याच स्वयंसेवकाने बांधलेले असते आणि त्यात कधी फेरफारही केलेले असतात. दोष कोणाकडचा हे वापरकर्त्याला कळण्याचे कारण नाही. म्हणून डेबियनमध्ये तक्रार आधी वितरणाच्याच दोषनोंदणी यंत्रणेत करावी आणि गरज पडल्यास पॅकेज सांभाळणाऱ्याने ती मूळ प्रकल्पाकडे पोचवावी, असा संकेत आहे. ‘हे कसे वापरायचे’ यासारखे प्रश्न दोषनोंदणीत टाकू नयेत, आणि सुरक्षेतील त्रुटी चारचौघांत न सांगता संबंधित सुरक्षा पथकाला खाजगीरीत्या कळवावी, हेही नवागताला कोणीतरी सांगावे लागते.

‘वायफाय चालत नाही, मदत करा’ हा एका ओळीचा प्रश्न नेहमीचाच. अनुभवी साहाय्यक त्यावर वितरणाचे नाव व आवृत्ती विचारतो, टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकण्याच्या खिडकीत) ‘एलएसपीसीआय’ ही जोडलेल्या उपकरणांची यादी देणारी आज्ञा (वायफाय कार्ड यूएसबीचे असल्यास ‘एलएसयूएसबी’) चालवायला सांगतो आणि पडद्यावर उमटणारा मजकूर, त्याचा फोटो न काढता, जसाच्या तसा चिकटवायला सांगतो. कार्डाचे नाव कळले की पुष्कळदा निम्मे काम होते. त्याचे फर्मवेअर (उपकरण चालण्यासाठी त्यात भरावे लागणारे सॉफ्टवेअर) सापडत नसल्याची ओळ कर्नलच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींमध्ये, दिसते, आणि मग विकीवरील नेमक्या परिच्छेदाचा दुवा पुरेसा ठरतो. ‘मॅन्युअल वाचा’ एवढेच बजावणारे, ‘आरटीएफएम’ या आद्याक्षरांनी कुप्रसिद्ध झालेले उत्तर आणि हा दुवा यांत सल्ला एकच आहे. पण पहिल्याने नवागत निघून जातो, दुसऱ्याने तो मॅन्युअल वाचायला शिकतो.

नवागतानेही काही पथ्ये पाळावीत अशी अपेक्षा असते. ‘एक विचारू का?’ असे विचारत न बसता थेट प्रश्न मांडावा, आधी काय करून पाहिले ते सांगावे आणि धीर धरावा. आयआरसीवर प्रश्न टाकून पाच मिनिटांत निघून जाणारे पुष्कळ असतात. उत्तर देणारा मात्र दुसऱ्या खंडात त्या वेळी झोपलेला असू शकतो. अनोळखी व्यक्तीने सुचवलेली आज्ञा, विशेषतः प्रशासकाचे अधिकार मागणारी, अर्थ समजल्याशिवाय चालवू नये. थट्टेखातर फाइली पुसून टाकणाऱ्या आज्ञा सुचवण्याचे प्रकार घडलेले आहेत.

उद्धट उत्तरांना आळा घालण्यासाठी अनेक प्रकल्पांनी आचारसंहिता स्वीकारल्या. डेबियनने २०१४ मध्ये, तर लिनक्स कर्नलने २०१८ मध्ये नवी संहिता अंगीकारली. काही वेळा मात्र प्रश्नाचे मूळच काढून टाकणे श्रेयस्कर ठरते. मुक्त नसलेले फर्मवेअर डेबियनच्या अधिकृत स्थापना-प्रतीत पूर्वी नसे, आणि वायफायविषयीच्या कित्येक प्रश्नांचे कारण तेच होते. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदानाने हे धोरण बदलले. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर स्थापना-प्रतीतच मिळू लागले.