निसर्ग शिबिर (बडोदे परिसर)

निसर्ग शिबिर : शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी जंगलात किंवा पाणथळीकाठी मुक्काम करून तिथली झाडे, प्राणी, दगड आणि तिथे राहणारी माणसे यांची ओळख करून घेण्याचा उपक्रम. नेहमीचा बेत तीन दिवस आणि दोन रात्रींचा असतो. मुक्काम हाच सहल आणि शिबिर यांतला मुख्य फरक. सहलीची बस संध्याकाळी परत फिरते, शिबिरातल्या मुलाला मात्र रात्री तंबूबाहेर काय वाजले याचा विचार करत झोपावे लागते. गुजरातेत याला ‘प्रकृति शिबिर’ म्हणतात. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या मराठी घरांत दोन्ही शब्द सारखेच रुळले आहेत.

बडोदे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे २२.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे इथला निसर्ग उष्णकटिबंधीयच. मात्र हा शब्द ऐकून डोळ्यांसमोर येणारे सदाहरित, ठिबकते अरण्य इथे नाही. पूर्वेकडच्या डोंगरांत चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये केलेल्या भारतातल्या वनांच्या वर्गीकरणानुसार शुष्क पानझडी वन येते. साग, बांबू, मोह, पळस, तेंदू, ऐन असे हे रान पावसाळ्यात दाट हिरवे असते आणि चैत्रात जवळजवळ उघडे पडते. पहिल्यांदा आलेली शहरी मुले या उघड्या रानाला ‘वाळलेले’ म्हणतात. झाड वाळलेले नसून पाणी वाचवण्यासाठी पाने टाकून बसले आहे, एवढे पटायला कधी कधी पहिला दिवस पुरत नाही.

मुलांना भिंतींबाहेर शिकवण्याची कल्पना बडोद्याला नवी नाही. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १८७९ची कमाटी बाग (आताची सयाजी बाग) आणि तिथले १८९४चे संग्रहालय यांमुळे झाडे, प्राणी आणि खडकांचे नमुने सामान्य माणसाला एकाच फेरीत पाहता येऊ लागले. पण बाग म्हणजे शिबिर नव्हे. गुजरातेत मुलांना राहायला रानात नेण्याची चाल रुजवण्यात सौराष्ट्राचे पक्षितज्ज्ञ लवकुमार खाचर यांचे नाव आधी घ्यावे लागते. ते राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकवत. जसदणजवळचे हिंगोळगढ हे निसर्गशिक्षणासाठीच राखलेले अभयारण्य त्यांच्या कामाशी जोडलेले आहे. पुढे राज्याच्या वनखात्याने शिबिरे भरवायला सुरुवात केली. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिल्यावर शाळांनाही निमित्त मिळाले.

बडोदेकरांची शिबिरे सर्वांत जास्त जातात ती जांबुघोडा अभयारण्यात. पंचमहाल आणि छोटा उदेपूर या जिल्ह्यांत पसरलेले हे सुमारे १३० चौ. किमी. क्षेत्र १९९० मध्ये अभयारण्य झाले. धनपरी येथे वनखात्याचे शिबिरस्थळ आहे आणि कडा धरणाचा जलाशय जवळच आहे. बिबट्या आणि अस्वल इथे आहेत, पण शिबिरार्थींना ते सहसा दिसत नाहीत. दिसतात ते पाऊलठसे, अस्वलाने उकरलेली वारुळे, मोहाच्या बिया असलेली विष्ठा. चांगला मार्गदर्शक एवढ्यावर मुलांना तासभर खिळवून ठेवतो. याच रानात १८५८ आणि १८६८ मध्ये नायकडा आदिवासींनी इंग्रजांविरुद्ध उठाव केले. १८५८च्या डिसेंबरात तात्या टोपे यांची इंग्रज फौजेशी लढाई झाली ती जवळच्या छोटा उदेपूरला. मराठी शाळकरी पुस्तकात तात्या टोपे असतात, पण नायकडा क्वचितच सापडतात. हे उणेपण शिबिरातल्या संध्याकाळच्या गप्पांत भरून निघू शकते.

पावागड त्याहून जवळ, जेमतेम ५० किमी.वर. चांपानेर-पावागड परिसर २००४ पासून जागतिक वारसास्थळ आहे. शिबिरे तिथे जातात ती मशिदी आणि कालिकामातेपेक्षा खडकांसाठी : खाली दख्खनच्या पठाराचाच बेसाल्ट आणि माथ्यावर फिकट रंगाचा रायोलाइट. सह्याद्रीतला काळा दगड पाहिलेल्या मुलांना हा बदल लगेच डोळ्यांत भरतो. पंचमहालचा हा मुलूख १८६१ पर्यंत ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता, हे मात्र मुद्दाम सांगावे लागते. अस्वलांसाठी नावाजलेले दाहोद जिल्ह्यातले रतनमहाल थोडे लांब पडते. लहान मुलांसाठी डभोई तालुक्यातील वढवाणा तलाव बरा. गायकवाडी काळात सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरला. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आलेले, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस तिथे काठावरून, साध्या दुर्बिणीतूनही ओळखता येतात.

बडोद्याच्या शिबिरांचे खरे वैशिष्ट्य नावांत आहे. मराठी घरातल्या मुलाच्या वहीत एका झाडापुढे दोन-तीन नावे पडतात. घरचा पळस इथे ‘खाखरो’ होतो (आणि खाखरा म्हणजे खायचा, असे वर्गात कोणीतरी म्हणतेच), मोह ‘महुडो’ होतो, तेंदू ‘टिमरू’ आणि ऐन ‘सादड’. पक्ष्यांत सातभाई ‘लेलां’ होतात, टकाचोर ‘खेरखट्टो’. इथल्या राठवा आदिवासी वाटाड्याकडे याहून वेगळे, बहुधा अधिक नेमके शब्द असतात. त्याच्या लेखी झाडाचे नाव वापरापासून तुटलेले नसते : कशाच्या पानांची पत्रावळ होते, कोणते लाकूड घराला चालते, काय तापावर घ्यायचे. शास्त्रीय नाव पाठ करून घेणारे शिबिर आणि ही वही भरून घेणारे शिबिर यांत दुसरे निःसंशय सरस. शास्त्रीय नाव नंतर पुस्तकातही मिळते.

मोहाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण या भागातले अर्धे अर्थशास्त्र त्याच्याभोवती फिरते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात त्याची मांसल, गोड फुले गळतात आणि घरातली बायका-मुले टोपल्या घेऊन ती वेचतात. फुले वाळवून साठवतात, खातात, विकतात. बियांना ‘डोळी’ म्हणतात, त्यांचे तेल स्वयंपाकात वापरतात. फुलांची दारूही होते. गुजरातेत दारूबंदी असल्याने या वाक्यापाशी शिक्षक घसा खाकरतात. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि तो वणवा कधी कधी रानात शिरतो. वनखाते आणि गावकरी यांच्यातला हा ताण मुलांपासून लपवू नये. निसर्ग आणि संस्कृती दोन वेगळ्या तासांना शिकवता येत नाहीत, हे त्यांना इथे आपसूक कळते.

राठवांच्या घरी जाण्याचा कार्यक्रम बहुतेक शिबिरांत असतो आणि तोच सर्वांत जास्त बिघडतो. ओसरीच्या भिंतीवरचा पिठोरा (देवासाठी काढलेले भित्तिचित्र) पाहून महाराष्ट्राशी संबंध असलेली मुले ‘वारली’ म्हणून मोकळी होतात. दोन्हींत साम्य थोडेच. वारलीचा लग्नचौक पांढऱ्या पिठाने, परंपरेने सवाष्णी काढतात. पिठोरा बहुरंगी असतो, पुरुष काढतात आणि त्यात घोडे मुख्य. बाबा पिठोराला बोललेला नवस फेडताना ‘बडवो’ (पुजारी) विधी करतो आणि ‘लखारा’ चित्र ‘लिहितो’. राठवा पिठोरा काढला असे म्हणत नाहीत, लिहिला असेच म्हणतात. परेश राठवा यांना २०२३ मध्ये या कलेसाठी पद्मश्री मिळाल्यापासून पाहुण्यांची गर्दी वाढली आहे. घरातली देवाची भिंत म्हणजे प्रदर्शन नव्हे. आत जाण्याआधी विचारणे, चपला बाहेर काढणे आणि फोटोला नकार आला तर ऐकणे, एवढे शिबिराच्या पहिल्या रात्रीच सांगून ठेवावे. ज्यांना निवांत समजून घ्यायचे आहे त्यांनी तेजगढची आदिवासी अकादमी पाहावी. गणेश देवी यांच्या ‘भाषा’ संस्थेने ती उभी केली आहे. तिथल्या कोराज डोंगरावर प्रागैतिहासिक शैलचित्रेही आहेत.

जेवण बहुधा मक्याचा रोटला आणि अडदाची डाळ. पहिल्या दिवशी मुले सेव-उसळ आठवून उसासे टाकतात, तिसऱ्या दिवशी दुसरा रोटला मागतात.

हंगामाचे गणित मात्र कायम चुकलेले आहे. शाळांना सोयीचा काळ नोव्हेंबर ते जानेवारी. रान सर्वांत बोलके असते होळीच्या सुमारास : पळस फुललेला, मोह गळू लागलेला, कवांटचा घेर मेळा होळीनंतर भरलेला. नेमके तेव्हाच वार्षिक परीक्षा डोक्यावर असतात. त्यामुळे बहुसंख्य मुलांनी पळस ओळखला आहे तो पानावरून, फुलावरून नव्हे.

सुरक्षेचा प्रश्न बडोद्यात १८ जानेवारी २०२४ नंतर वेगळ्या गांभीर्याने विचारला जातो. त्या दिवशी शहरातल्याच हरणी तलावात सहलीच्या मुलांची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडून मरण पावल्या. आता पालक पहिल्यांदा विचारतात ते पाण्याबद्दल : तलाव आहे का, नौकाविहार आहे का, जीवरक्षक जाकिटे किती. हा प्रश्न विचारणाऱ्याला भित्रा समजू नये. जंगलाच्या शिबिरात जनावरापेक्षा पाणी, घसरडा खडक आणि बसचा रात्रीचा प्रवास यांचीच धास्ती धरावी.

काही शिबिरांचा शेवटचा तास शहरात, कालाघोड्याच्या पुलावर होतो. खाली विश्वामित्री वाहते आणि हिवाळ्याच्या उन्हात काठावर मगरी पसरलेल्या असतात. भर वस्तीतून वाहणाऱ्या नदीत मगरींनी इतक्या संख्येने राहावे, हे क्वचितच कुठे दिसते. २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या रस्त्यांवर आणि अंगणांतही आल्या होत्या. विश्वामित्री उगम पावते पावागडाच्या डोंगरात. तिथे ज्या ओहळात मुलांनी पाय बुडवलेले असतात, त्याच नदीकडे आता ती कठड्याला धरून, शिक्षकांची नजर पाठीवर असताना, वाकून पाहतात.