शिस्त नंतर बघू, आधी टेबल खिडकीशी न्या

घरून काम सुरू झालं तेव्हा पहिले सहा महिने माझं टेबल हॉलच्या अगदी आतल्या कोपऱ्यात होतं, फ्रिजच्या शेजारी, कारण रिकामा सॉकेट तिथेच होता. साडेनऊला लॉगिन करायचे आणि अकरा वाजेपर्यंत डोकं इतकं जड की एकच ईमेल तीन-तीनदा वाचायला लागायचा, आणि रात्री मात्र साडेबारा वाजले तरी टक्क जागी. वाटायचं आपल्यालाच शिस्त नाही, आळस भरलाय अंगात. टाइमटेबल केलं, अलार्म लावले, काही होईना. मग झोप आणि उजेड ह्या विषयावर वाचत गेले तशी हळूहळू त्या कोपऱ्याचीच शंका यायला लागली.

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, साधारण 20,000 पेशींचा एक छोटासा पुंजका आहे. हे शरीराचं मुख्य घड्याळ. झोप कधी येणार, अंगाचं तापमान कधी चढणार-उतरणार, डोकं कधी तल्लख चालणार, ह्या सगळ्यावर त्याचा ताबा असतो. असं घड्याळ सजीवांच्या आतच असतं ह्याचा पहिला सुगावा लागला तो लाजाळूमुळे. 1729 साली द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचं रोप अंधारात ठेवून दिलं, ऊन दिसायची सोयच नाही, तरी पानं दिवसा उघडायची आणि रात्री मिटायची. पेशीच्या आत हे घड्याळ नक्की कसं टिकटिकतं ते फळमाशीवर शोधून काढणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग ह्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं.

आता आपल्या कामाची गोष्ट. माणसाचं हे घड्याळ बरोबर 24 तासांचं नसतं, सरासरी दहा-बारा मिनिटं जास्तच असतं, म्हणजे रोज कोणी काटे जुळवले नाहीत तर ते मागे पडत जातं, झोप उशिरा, जागही उशिरा. काटे जुळवतो तो मुख्यतः उजेड. त्यासाठी डोळ्याच्या पडद्यात वेगळ्याच पेशी आहेत, त्यांचा शोध जेमतेम पंचवीसेक वर्षांपूर्वीचा, आणि चित्र बघणं हे त्यांचं मुख्य काम नाहीच, बाहेर उजेड किती आहे एवढंच त्या मेंदूला कळवत राहतात. निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात, आणि सकाळच्या मोकळ्या आभाळात तो भरपूर असतो.

इथेच घराची गडबड होते, कारण उजेडाच्या बाबतीत आपले डोळे फार फसवे आहेत. ट्यूब लावली की खोली कशी लख्ख वाटते ना? त्या खोलीत साधारण 100 ते 300 लक्स असतात (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). भर उन्हात बाहेर 50,000 पासून लाखापर्यंत. पावसाळी ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार लक्स सहज असतात. बाहुली लहान-मोठी होते, पडदा जुळवून घेतो, त्यामुळे एवढा फरक आपल्याला जाणवतच नाही. मी फोनवर लक्स मोजायचं फुकटचं ॲप घेतलं (अंदाजच येतो त्यातून, पण पुरेसा), तर फ्रिजशेजारच्या टेबलावर दीडशेच्या आतबाहेर आणि सकाळी आठला गॅलरीत पाच हजारांच्या वर. दहा पावलांचं अंतर! ऑफिसला जात होते तेव्हा स्टेशनपर्यंत पंधरा मिनिटं चालत, मग प्लॅटफॉर्मवर उभी, असा अर्धा तास उजेड आपसूक मिळत होता. लोकलचा वैताग गेला ह्याचा आनंद झाला, पण त्याच्याबरोबर काय गेलं ते लक्षातच आलं नाही.

तर मी काय बदललं सांगते. उठल्यावर तासाभराच्या आत चहा घेऊन गॅलरीत, वीस-पंचवीस मिनिटं, पाऊस असला तरी (सूर्याकडे टक लावून बघायचं नाही हं, नुसतं उजेडात बसायचं). गॅलरी नसेल तर खाली सोसायटीत एक चक्कर मारा, दूध आणायला जा. टेबल बेडरूमच्या खिडकीशी नेलं, खिडकी डाव्या हाताला येईल असं, कारण पाठीमागे आली तर स्क्रीनवर चकाकतं आणि समोर आली तर डोळे दिपतात. सॉकेटसाठी एक्स्टेंशन बोर्ड आणला, म्हणजे ज्या कारणासाठी सहा महिने अंधारात काढले ते एका बोर्डाने सुटलं. आणि रात्री नऊनंतर पांढऱ्या ट्यूबा बंद, एकच पिवळा दिवा, कारण रात्रीचा झगझगीत उजेड मेलाटोनिनला, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणाऱ्या संप्रेरकाला, दाबतो आणि घड्याळाला वाटतं अजून संध्याकाळच आहे. दोनेक आठवड्यांत झोप अकराच्या आसपास यायला लागली. तुम्हाला दुसरं काहीच जमणार नसेल तर निदान सकाळच्या उजेडाचं तरी करा, कळकळीने सांगते.

मानेचं पटकन सांगून टाकते. डोक्याचं वजन पाचेक किलो असतं, मान पुढे झुकली की तो भार स्नायूंवर येतो, म्हणून लॅपटॉप दोन उपड्या डब्यांवर ठेवा आणि कीबोर्ड वेगळा घ्या. स्क्रीनकडे बघताना पापण्या मिटायचं प्रमाणही बरंच कमी होतं म्हणून डोळे चुरचुरतात, मधेमधे खिडकीबाहेर लांबचं झाड बघा.

आवाजाकडे मात्र जरा थांबून बघू, कारण त्याबद्दल आपला अंदाज बहुतेक चुकतो. आपल्याला वाटतं कुकरची शिट्टी, मिक्सर, म्हणजे मोठ्ठे आवाज हेच शत्रू. पण आवाज किती मोठा आहे ह्यापेक्षा तो बोलण्याचा आहे का, हे जास्त महत्त्वाचं, हे मानसशास्त्रातल्या प्रयोगांत वारंवार दिसलंय. वाचताना किंवा आकडे जुळवताना आपण मनातल्या मनात पुटपुटत असतो, आणि बाहेरचं बोलणं नको असलं तरी नेमकं त्याच जागेत घुसतं, भाषा कळत नसली तरी. फॅनची एकसुरी घरघर जवळजवळ त्रासच देत नाही, उलट शेजारच्या खोलीतलं बोलणं झाकते. म्हणून शब्द असलेली गाणी लावून हिशेब करू नका, नुसती सतार-बासरी बरी.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे फोनवरचं एका बाजूचं बोलणं. 2010 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना लक्ष देऊन करायची कामं दिली आणि शेजारी कधी दोघांचं पूर्ण संभाषण ऐकवलं, कधी अर्धंच. अर्ध्या संभाषणाने जास्त चुका झाल्या. पुढचं काय असेल ते मेंदू भरत बसतो. आमच्याकडे बाबा रोज दुपारी काकांशी बोलतात, "हो का?... मग?... काय सांगतोस!... आणि ती काय म्हणाली?" ह्या चार तुकड्यांवर माझी अख्खी एक्सेल शीट चुकायची. बाबांवर चिडायचे मी. त्यात त्यांचा काय दोष, ते त्यांच्याच घरात बोलत होते.

घरून काम चांगलं होतं असं ज्या प्रयोगाच्या जोरावर नेहमी सांगतात तो शांघायच्या सीट्रिप ह्या प्रवासाची बुकिंग करणाऱ्या कंपनीचा, 2010 च्या डिसेंबरपासून नऊ महिने चाललेला. कॉल सेंटरमधले 249 जण, सम तारखेला जन्मलेले आठवड्यातले चार दिवस घरून, विषमवाले ऑफिसातून, आणि घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्के वाढलं. पण त्यात घ्यायची एक अट होती: काम करायला घरात वेगळी खोली हवी. हे कोणी सांगत नाही! शिवाय नंतर पुन्हा निवडायला दिलं तेव्हा निम्म्याहून जास्त जणांनी आपला आधीचा निर्णय बदलला, घरी एकटं वाटतं ही मोठी तक्रार होती. वन बीएचकेत चौघं राहतात तिथे ती 13 टक्क्यांची अपेक्षा स्वतःकडून करणं हा अन्याय आहे.

आम्हाला वेगळी खोली करता येणार नव्हती, मग वेळ वेगळी केली. सकाळी दहा ते साडेबारा बेडरूमचं दार बंद, फॅन तीनवर, तेव्हा डोक्याचं काम. एकला बाबांचा फोन सुरू झाला की मी लॅपटॉप मिटून त्यांच्याच शेजारी जेवायला बसते, आणि काकांकडची उरलेली अर्धी बातमीही ऐकायला मिळते.