जुन्या म्युझिक फेस्टिवलच्या ओरिजिनल टेप: विकायला देण्याआधी आणि बोली लावण्याआधी

आम्ही अशा टेपचा लिलाव करतो, म्हणून सगळ्यात आधी एक कळकळीची विनंती. जुन्या फेस्टिवलची रिळं हाती लागली की पहिला मोह होतो मशीनवर लावून ऐकायचा, आणि नेमकं तेच करू नका. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या बऱ्याच टेपमध्ये, त्यात अँपेक्स कंपनीची ४५६ नंबरची टेप तर खासच, चुंबकीय पावडर टेपच्या प्लॅस्टिक पट्टीला धरून ठेवणारा थर हवेतला ओलावा ओढतो, मग टेप मशीनच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) चिकटते, किंचाळते आणि पावडर खरवडून निघते, म्हणजे गाणंच गेलं. अशी टेप आधी साधारण ५० ते ५५ डिग्री सेल्सिअसला बरेच तास भाजावी लागते, मग काही दिवस-आठवडे ती नीट चालते आणि तेवढ्यात डिजिटल कॉपी काढून घ्यायची असते. हे घरच्या ओव्हनमध्ये अजिबात नको. आणि जुनी ॲसिटेट टेप (जिची पट्टी ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकची असते) तर भाजायचीच नाही, ती वाकडी होऊन कायमची वाया जाते. ओळखायचं कसं, तर रीळ उजेडासमोर धरा, ॲसिटेट असेल तर उजेड आरपार दिसतो. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती खराब व्हायला लागलीय, बाकीच्यांपासून लांब ठेवा.

आता किंमत कशावर ठरते? कलाकार कोण हे आहेच, पण त्याहून जास्त ती कितवी कॉपी आहे यावर. स्टेजसमोर जी टेप प्रत्यक्ष फिरत होती ती एक, तिच्यावरून मिक्स केलेली दुसरी, त्याची सेफ्टी कॉपी, म्हणजे जपून ठेवायला काढलेली जादा प्रत, तिसरी, दर वेळी खरखर वाढत जाते आणि भाव उतरत जातो. अमेरिकेतल्या वूडस्टॉक फेस्टिवलचंच घ्या, ऑगस्ट १९६९. तिथलं मुख्य रेकॉर्डिंग आठ ट्रॅकवर, म्हणजे एकाच टेपवर शेजारी शेजारी आठ वेगळ्या पट्ट्यांत झालं, त्याला एक इंची टेप लागते, त्यामुळे कोणी पाव इंची रीळ आणून हीच ती मास्टर, म्हणजे मूळ टेप, म्हणालं तर ती नंतरचं मिक्स, कॉपी किंवा कोणीतरी वेगळं केलेलं रेकॉर्डिंग असणार. आणि टेप ४५६ निघाली तर प्रश्नच मिटला, ती टेप १९६९ साली बाजारात आलेलीच नव्हती! म्हणून खोकं फेकू नका, फाटलेलं असलं तरी. त्यावरची तारीख, स्पीड, ट्रॅक शीट (कुठल्या ट्रॅकवर काय आहे त्याचा कागद), पेन्सिलने लिहिलेले शेरे, हे सगळं आम्ही टेपइतकंच बारकाईने बघतो.

"हे तर रिलीज झालंय, मग याला कोण विचारणार" असं बरेच जण म्हणतात आणि रिळं टाकून देतात, फार वाईट वाटतं. न्यूपोर्ट जॅझ फेस्टिवल, जुलै १९५६, ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधल्या पॉल गोन्साल्व्हिसने सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तनं वाजवली, पण तो वाजवत होता व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी रेडिओच्या माइकवर, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या माइकपासून बाजूला, त्यामुळे कोलंबियाच्या रेकॉर्डवर तो लांबून ऐकू यायचा. व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप सापडली १९९० च्या दशकात, दोन्ही टेप जुळवल्या आणि १९९९ साली लोकांनी तो सोलो पहिल्यांदा नीट, स्टिरिओत ऐकला. रिलीज झालेल्या कार्यक्रमाच्याही दुसऱ्या माइकच्या टेपचं मोल असं असतं.

घेणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं आता. लिलाव जिंकलात की तुम्हाला मिळते टेप आणि खोकं, त्यातलं संगीत छापायचे, अपलोड करायचे, विकायचे हक्क मिळत नाहीत. गाण्याचे हक्क वेगळे, रेकॉर्डिंगचे वेगळे, शिवाय कलाकाराची परवानगी. अमेरिकेतली १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीची रेकॉर्डिंग "फ्री" आहेत हे जुनं ऐकीव आहे, तेव्हाही राज्यांचे कायदे होतेच आणि २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन ॲक्टनंतर फेडरल, म्हणजे देशभर लागू असलेलं, संरक्षणही आलं, वूडस्टॉकच्या काळातल्या रेकॉर्डिंगला तर थेट २०६७ पर्यंत. म्हणून आम्ही फाइल पाठवत नाही, बोलीदारांना आमच्याकडे बसून हेडफोनवर छोटे तुकडे ऐकवतो.

लिलाव साधाच असतो. विकणाऱ्याशी बोलून एक राखीव किंमत ठरते, ती बाहेर सांगत नाही, बोली तिथपर्यंत गेली नाही तर टेप परत. घेणाऱ्याला शेवटच्या बोलीवर आमचं कमिशन द्यावं लागतं, ते कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असतं, बोली लावतानाच हिशोबात धरा. टेप कोणाकडून कोणाकडे आली हे कागदावर दाखवता आलं पाहिजे, इंजिनिअरचं पत्र, पावती, जुना फोटो काहीही चालेल. स्टुडिओतून न विचारता बाहेर पडलेली टेप आम्ही घेत नाही, कितीही भारी असली तरी.

पाठवायच्या आधी रिवाइंड करू नका, आहे तशीच राहू दे. खोकं उभं ठेवा, स्पीकर आणि मोटरपासून लांब. आधी फक्त फोटो पाठवा, खोक्याच्या सगळ्या बाजू, आतले कागद, आणि रीळ वरून एक, उजेडासमोर धरून एक.