५१२ जीबीचे ४७६ होतात कसे?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानातून नवा लॅपटॉप घरी आला की पहिली शंका जागेची निघते. खोक्यावर ५१२ जीबी (गिगाबाइट) छापलेले असते आणि विंडोज सगळे ड्राइव्ह मिळून साधारण ४७६ दाखवते. दुकानदार सांगून मोकळा होतो, "विंडोजनं खाल्ली जागा." विंडोज जागा घेते हे खरेच, पण ती या ४७६ मधून घेते. आधीच्या ३६ जीबीशी तिच्या फायलींचा काही संबंध नाही. ते ३६ जीबी केवळ मोजणीच्या फरकातले आहेत, आणि हा फरक लॅपटॉपपेक्षा कितीतरी जुना आहे.

संगणकाच्या स्मृतीतले पत्ते दोनाच्या घातांनी वाढतात. दोनाचा दहावा घात १०२४. तो हजाराच्या इतका जवळ, की जुन्या अभियंत्यांनी त्यालाच 'किलो' म्हणायला सुरुवात केली. तेव्हा स्मृतीच काही किलोबाइटांची असे, आणि अडीच टक्क्यांच्या फरकाने कुणाचे बिघडत नव्हते. पण पायरीगणिक हा फरक वाढत जातो: मेगाला जवळपास ५ टक्के, गिगाला ७ च्या वर, टेराला १०. म्हणून १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते.

डिस्क बनवणाऱ्यांना दोनाच्या घाताची सक्ती नव्हती. ते साध्या दशमान पद्धतीने मोजत राहिले. त्यामुळे आजही एकाच लॅपटॉपवर ८ जीबी रॅम १०२४ च्या हिशेबाने असते आणि ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे आजच्या लॅपटॉपमधली डिस्क, १००० च्या. सर्वांत मोठा घोळ फ्लॉपीने घातला. तिच्यावरचे '१.४४ एमबी' म्हणजे १४४० गुणिले १०२४ बाइट. यातला मेगा धड दहा लाखांचाही नाही आणि १०२४ च्या वर्गाचाही नाही. पक्का शेर आणि कच्चा शेर एकाच बाजारात चालावेत, तशी ही स्थिती होती.

१९९८ च्या डिसेंबरमध्ये मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने यावर निर्णय दिला. किलो, मेगा, गिगा यांचा अर्थ हजाराच्या पटीतच राहील. १०२४ च्या पटींना किबी, मेबी, गिबी म्हणावे. निर्णय स्वच्छ होता, पण तो पाळला अर्ध्याच जगाने. लिनक्सच्या अनेक प्रोग्रामांनी 'जीआयबी' (गिबीबाइट) लिहायला सुरुवात केली. मॅकने २००९ मध्ये फायली आणि डिस्क दशमानात दाखवायला घेतल्या, म्हणून तिथे ५०० जीबीची डिस्क ५०० च दिसते. विंडोज मात्र आजही १०२४ ने मोजते आणि समोर 'जीबी' लिहिते. दरम्यान अमेरिकेत ग्राहकांनी डिस्क कंपन्यांवर खटलेही भरले. वास्तविक खोक्यावरचा आकडा मानकाला धरूनच होता. चुकत होती ती पडद्यावरची पाटी. एक अक्षर जास्त लिहिले असते तर हा प्रश्न राहिलाच नसता. ते न लिहिल्याचा भुर्दंड दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही सोसतात: एकाची पत जाते, दुसऱ्याला फसल्यासारखे वाटते. आपल्याकडच्या क्लासांनीही 'एक केबी म्हणजे १०२४ बाइट' एवढेच पाठ करून घेतले. डिस्कचा हिशेब वेगळा असतो हे क्वचितच कुणी सांगितले.

इंटरनेटच्या वेगाचा गुंता याहून सोपा आहे. टेलिफोनवाले पहिल्यापासून बिट मोजत आले, फायली बाइटमध्ये मोजल्या जातात आणि ८ बिटांचा एक बाइट होतो. देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ पासून, तेही आधी चार महानगरांत. पुढे कोल्हापुरात सायबर कॅफे आले तेव्हाचा मॉडेम ५६ केबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट किंवा जास्तीत जास्त ७ किलोबाइट. एक एमबी उतरायला अडीच मिनिटे हा उत्तम दिवसाचा वेग.

२०१६ नंतर स्वस्त डेटा आला आणि जीबी घरोघरी पोचला. 'आजचा दीड जीबी संपला' हे वाक्य आता आजीही बोलते. डेटा संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे जवळजवळ त्या जुन्या मॉडेमइतका. तरी जाहिरातीत त्याला 'अमर्यादित' म्हणतात. ब्रॉडबँडची सरकारी किमान मर्यादा २००४ मध्ये २५६ केबीपीएस होती, २०२३ मध्ये ती २ एमबीपीएस झाली.

फायबर घेतलेल्यांना दोन्ही गुंते एकदम भेटतात. १०० एमबीपीएसचे कनेक्शन म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. विंडोजमध्ये मोठी फाइल कॉपी होताना १०२४ च्या हिशेबाने तोच वेग ११.९ दिसतो. त्यावरून कनेक्शनवाल्याकडे तक्रार करण्यात अर्थ नाही. ४ किंवा ५ दिसत असेल, तर जरूर करावी.