बेघरपणा : मराठवाड्यातील कारणे आणि प्रयत्नांचा प्रश्न

बेघरपणा म्हणजे स्वतःचे, भाड्याचे किंवा नात्यागोत्याचे असे कोणतेही भरवशाचे छप्पर डोक्यावर नसण्याची अवस्था. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, परभणी, हिंगोली आणि नांदेड या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत ती दुष्काळ, कर्ज, भूमिहीनता, जात, आजारपण आणि घरच्यांनी टाकून देणे अशा अनेक वाटांनी येते. ‘हातपाय हलवले असते तर ही वेळ आली नसती’ हे मत बेघर माणसाबद्दल सर्रास ऐकू येते. या प्रदेशाचा गेल्या पन्नास-साठ वर्षांचा अनुभव त्या मताला आधार देत नाही.

मोजणी

रस्त्याकडेला, पदपथावर, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या पाइपांत, देवळांच्या मंडपांत किंवा रेल्वेच्या फलाटांवर उघड्यावर राहणाऱ्यांना जनगणना बेघर मानते. 2011 साली असे सुमारे 17.7 लाख लोक देशात आणि सुमारे 2.1 लाख महाराष्ट्रात नोंदले गेले. आधीच्या दहा वर्षांत देशाच्या ग्रामीण भागातला आकडा उतरला होता; शहरांतला मात्र सुमारे 7.8 लाखांवरून 9.4 लाखांवर चढला.

ही गणती 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली. फेब्रुवारीत ऊसतोडीचा हंगाम भरात असतो आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे तेवढी उरलेली असतात. गावात दाराला कुलूप आणि कुटुंब शेकडो किलोमीटरवर उसाच्या फडाशेजारी, ही स्थिती मोजणीच्या कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही. भावाच्या पडवीत दिवस काढणारी विधवा आणि मोठ्या सरकारी दवाखान्याच्या आवारात रुग्णासोबत आलेला, रुग्ण गेल्यावर तिथेच राहिलेला म्हातारा हेही मोजणीतून निसटतात.

घर कसे जाते

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणपती विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद हे त्या भागातल्या खाऊनपिऊन सुखी घराचे बांधकाम. तेच अंगावर कोसळले. गावकुसाबाहेरच्या हलक्या छपरांतली माणसे त्यामानाने अधिक वाचली. राबून, पै-पै साठवून ज्यांनी पक्के घर उभे केले होते, त्यांच्यावरच घाला मोठा पडला. पुढे 52 गावे नव्या जागी वसवली गेली. नव्या घराचा आकार कुटुंबाकडे आधी किती जमीन होती त्यावर ठरला : भूमिहीन आणि 1 हेक्टरपर्यंतच्या कुटुंबांना 250 चौरस फूट, 7 हेक्टरपर्यंत 450 आणि त्यापुढे 750. कोण किती कष्टाळू, हे घर पडतानाही कुणी विचारले नव्हते आणि देतानाही नाही.

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 मध्ये झाली, लोकार्पण 1976 मध्ये. नाथसागराच्या पाण्याने शंभराहून अधिक गावांना झळ बसली. प्रकल्पामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा झाला तोही 1976 सालचाच. तोवर गोदाकाठची बिऱ्हाडे उठून गेली होती.

भूकंप आणि धरण डोळ्यांना दिसतात. कर्जाने घर जाते ते दिसत नाही. कोरडवाहू शेतात दोन हंगाम लागोपाठ बुडाले, त्यात लेकीचे लग्न किंवा दवाखाना आला, की बँकेच्या थकबाकीदाराला सावकाराशिवाय दार उरत नाही. सावकार जमीन गहाण ठेवून घेत नाही. सरळ खरेदीखत करून घेतो आणि ‘पैसे फेडलेस की परत फिरवून देतो’ अशी तोंडी बोली करतो. बोलीला साक्षीदार नसतो आणि सातबाऱ्यावर नाव सावकाराचे चढते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार अशी जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते. पण तिथवर पोचायला लागणारे कागद आणि तारखांना हजर राहण्याचे बळ बहुधा जमिनीबरोबरच गेलेले असते. जमीन गेली की आखाडा, म्हणजे शेतावरचे खोपट, जातो, बैल जातात आणि मग माणूस पुण्या-मुंबईच्या मजूर अड्ड्यावर उभा राहतो. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच उन्हाळ्यात नांदेड जिल्ह्याच्या मुखेड भागातून निघालेली कुटुंबे मुंबईत घाटकोपरच्या मोकळ्या मैदानावर पाले ठोकून राहत होती. गावात त्यांची घरे शाबूत होती; पाणी आणि काम नव्हते.

जातीचा वाटा वेगळा सांगावा लागतो. दलित, भटक्या आणि विमुक्त कुटुंबांपैकी अनेकांच्या पायाखालची जागा कागदावर कधी त्यांची झालीच नाही. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळली गेली, हजारो लोक रात्रीतून उघड्यावर आले, कित्येक कुटुंबे गाव सोडून शहरांच्या कडेला गेली ती परतली नाहीत. पारध्यांवरचा ‘गुन्हेगार जमात’ हा शिक्का 1871 च्या इंग्रजी कायद्याचा. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की आजही पहिला संशय पालावर जातो आणि पाल उठवले जाते. भूमिहीनांनी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली जमिनीसाठी सत्याग्रह केले. मराठवाड्यात गायरान जमिनी कसून तिथेच घर बांधणाऱ्या दलित कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी आता नांदते आहे, आणि अतिक्रमण हटवण्याची नोटीस तिच्या दारावर अजून चिकटते.

बाईचे घर तर दुसऱ्याच्या नावावर असते. नवऱ्याने टाकलेली किंवा नवरा गेलेली बाई सासरी नकोशी होते. माहेरी भावाच्या संसारात तिला जागा नसते. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हिस्सा दिला. व्यवहारात बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात, कारण सही न केली तर दिवाळीला माहेर बंद होते. पुढे आसऱ्याची गरज पडते तेव्हा हक्क उरलेला नसतो. तुळजापूर, परळी, पैठण येथील देवस्थानांच्या परिसरात किंवा नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरावर दिवस काढणाऱ्या एकट्या म्हाताऱ्या बायांची कहाणी विचारली, तर बहुधा इथूनच सुरू होते.

कोपीतले सहा महिने

प्रयत्न कमी पडले म्हणून माणूस बेघर होतो, हे म्हणणे तपासायचे तर ऊसतोड मजुराकडे पाहावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम जोडप्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. ही जोडपी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या हद्दीत जाऊन मिळेल त्या जागेवर कोपी उभारतात : बांबूच्या कामट्यांची कमान, तिच्यावर प्लास्टिकचा कागद किंवा ताडपत्री, खाली पाचट अंथरलेले. आत वाकून जावे लागते. चूल बाहेर, पाणी मिळेल तिथून, आडोसा उसाचाच. पहाटे चारला बाई भाकरी थापून फडात उतरते. तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधून डोक्यावर घेते आणि गाडीला लावलेल्या फळीवरून वर चढते. ट्रक रात्री आला तर भरायला रात्री उठायचे. उसाचे वाढे विकून तेलामिठाचे सुटे पैसे होतात. आजारी पडून एक दिवस चुकला तर खाडा लागतो, म्हणजे मजुरी बुडून वर दंड. मार्च-एप्रिलात पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा उचल पुरती फिटलेली नसते. उरलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि घर सोडणे पुढच्या दिवाळीलाही ठरून जाते.

महाराष्ट्रात इतके अंगमोड काम करणारा दुसरा वर्ग दाखवणे कठीण आहे. तरीही वर्षातला निम्मा काळ तो छपराविना जगतो, आणि हात किंवा कंबर निकामी झाली की तो आपल्या गावच्या घरातही राहू शकत नाही, कारण तिथे चूल पेटवायला त्या हातांशिवाय काही नसते.

कारखान्यातल्या नोकरीबरोबर मिळालेली खोली हीही तितकीच कच्ची. 8 मे 2020 च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही मध्य प्रदेशची माणसे. टाळेबंदीत काम थांबले, तशी ती रुळांच्या कडेने पायी गावाकडे निघाली होती.

प्रयत्नांचा प्रश्न

व्यक्तीची चूक कधीच नसते असे नाही. दारू, जुगार, मटका यांनी घरे बुडाली आहेत आणि त्याची किंमत बहुधा बायको-मुलांनी मोजली आहे. मात्र सारखाच दारूबाज माणूस बागायती जमीन, पगारदार भाऊ आणि गावात शब्दाला वजन असलेला बाप यांच्यात असला, तर घरातच राहतो. त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेणारे कोणी असते. तीच बाटली भूमिहीनाला फलाटावर पोचवते. शिवाय अनेकदा क्रम उलटा असतो. उघड्यावर झोप लागावी म्हणून, थंडी आणि भीती मरावी म्हणून पिणे मागाहून सुरू होते आणि पाहणाऱ्याला तेच मूळ कारण वाटते. मानसिक आजाराचेही असेच आहे.

एखाद्या कुटुंबाने धडपडून पुन्हा घर उभे केले, तर त्यात त्यांच्या जिद्दीचा वाटा असतोच आणि तो मानलाच पाहिजे. पण दुष्काळाच्या वर्षी रस्त्यावर येणाऱ्यांची संख्या अचानक वाढते, तेव्हा त्या वर्षी लोक एकाएकी आळशी झाले असे कोणी म्हणू शकत नाही. दोष माणसावर टाकण्याची ओढ मोठी असते, कारण त्यातून आपण सुरक्षित असल्याचा दिलासा मिळतो. जग न्यायाने चालते आणि ज्याला जे मिळते त्याला तो पात्र असतो, असे मानण्याच्या या प्रवृत्तीवर मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात प्रयोग केले. निरपराध माणसाचे हाल थांबवता येत नाहीत असे दिसले, की पाहणारे त्यालाच कमी लेखू लागतात, असे त्याला आढळले. आपल्याकडे यावर ‘कर्माचे भोग’ हे तयार उत्तर आहे. फिनलंडने 2008 पासून उलट वाट धरली : आधी राहायला घर, मग व्यसन, आजार, काम यांचे पाहायचे. तिथे बेघरांची संख्या घटली.

घरकुल, निवारा आणि कायदा

2016 पासून प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट प्रदेशात घरकुलासाठी 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, तेही बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी. त्यासाठी आधी यादीत, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘प्रपत्र ड’मध्ये, नाव हवे आणि मग बांधायला स्वतःची जागा. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, आणि भूमिहीनांना जागा घेण्यासाठी दीनदयाळ उपाध्याय अर्थसहाय्य अशा योजना आहेत. कागदावर त्या चांगल्या आहेत. ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना नंबर 8 वर, नोंद नसलेला, हंगामात गावी नसलेला, रहिवासी दाखल्यासाठी पत्ता सांगू न शकणारा माणूस प्रत्येक पायरीवर मागे पडतो, आणि सर्वांत जास्त गरज त्यालाच असते.

शहरांसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दर लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारे एक निवारागृह उभारण्याचे आदेश दिले आणि 2013 पासून राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात त्याची योजना झाली. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 100 नुसार, भटकताना आढळलेला माणूस मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असे वाटले, तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे असते. आईवडिलांना घराबाहेर काढणाऱ्या मुलांविरुद्ध ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे जाता येते.

या तरतुदींच्या शेजारीच 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा उभा आहे. उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भटकणे, ज्यावरून तो माणूस भीक मागूनच जगत असावा असे वाटते, हेसुद्धा त्याच्या व्याख्येत भीक मागणेच ठरते. अशा माणसाला वॉरंटाशिवाय पकडता येते आणि पहिल्याच वेळी 1 ते 3 वर्षे भिक्षेकरीगृहात ठेवता येते. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातील भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात तो कायदा अजून लागू आहे.